दोन पेडलांची गाडी

अक्कलकोट रोडला, दस्तगीरच्या शेडमध्ये
ठोकळ्यांवर उभी यंबय्या बोल्लींची जुनी डॉज पिकप.
क्लच नाहीच हिला. दोनच पेडल.
"लंगडी आणलीस की बे," पोरगा म्हणाला होता.

गिअरबॉक्स उतरवला. तेल लाल असायला हवं,
निघालं काळं,
करपलेल्या शेंगदाण्यांच्या वासाचं.
एकेक चकती रॉकेलमध्ये धुऊन
दस्तगीरनं विटक्या चादरीवर मांडली,
खडूनं नंबर टाकले.
मधूनच मांजर गेलं, अकरा-बारा सरकल्या.
तो दिवस त्यातच गेला.

आतल्या पट्ट्याचं अस्तर कुठंच मिळेना.
हैदराबादला फोन झाले, पुण्याला झाले.
यंबय्या रोज यायचा, स्टुलावर बसायचा.
एकदा खिशातून काढली
विकलेल्या मागाच्या ब्रेकची पट्टी.
"हे चालंल का बघ."
दस्तगीरनं नखानं खरवडली, हुंगली,
बोलला काहीच नाही.
कात्री मागितली.

काल दिवेलागणीला 'डी'त टाकली.
क्षणभर नुसती थरथर.
मग हलली आपसूक, शेडबाहेर, रस्त्यावर,
दुसरा कधी पडला कळलंही नाही.
यंबय्या खिडकीबाहेर बघत राहिला.
दस्तगीरचा डावा पाय तेवढा
चाळीस वर्षांच्या सवयीनं
रिकाम्या जागेत
दाबत होता काहीतरी.