ओठ हलल्याबद्दल खुलासा

महोदय,
तुमच्या चौकटीत पाचशे अक्षरं मावतात,
म्हणून आधी इथे लिहिते,
शाळेच्या एका जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या पानावर.
मग कापत जाईन.

एम. ए., शैक्षणिक तंत्रज्ञान, दुसरं सत्र, पेपर तिसरा.
सतरा जानेवारी, सकाळी नऊ.
ग्वाल्हेरला त्या दिवशी इतकं धुकं होतं
की दौलतगंजच्या आमच्या गच्चीवरून किल्ला दिसेना,
नुसती त्याची जागा दिसत होती.
कान उघडे हवेत, असा तुमचा नियम,
म्हणून मफलर काढला.
लॅपटॉप हातात धरून खोली गोल फिरवून दाखवली:
पलंग, रजयांची चळत, शिलाई मशीन,
दाराला आतून कडी.
मशीनच्या खालीही दाखवा, असं पडद्यावर आलं.
दाखवलं.
तिथे गजकचा जुना डबा होता,
त्यात बटणं आहेत. विचारलं नाहीत,
तरी सांगून ठेवते.

चाळिसाव्या मिनिटाला पहिली लाल पट्टी.
ओठांची हालचाल.
मग पुन्हा, मग पुन्हा, एकंदर सव्वीस वेळा.
मिनिट-सेकंदांसकट यादी पाठवलीत, आभारी आहे.
माझ्या ओठांचा इतका हिशोब
आजवर कोणी ठेवला नव्हता.

कोणाशी बोलत होता, असं विचारता.

त्याचं असं आहे,
प्रश्न येतो इंग्रजीत.
तो मी मराठीत सोडवून घेते,
गुंता झालेली लोकर गुडघ्यावर घेऊन सोडवावी तसा.
उत्तर मात्र सुचतं हिंदीत,
कारण बावीस वर्षं मुरारच्या कन्याशाळेत
विज्ञान हिंदीतच शिकवत आले.
पानं अन्न कशी तयार करतात
हे मला मराठीत धड सांगताच येत नाही.
(पुण्याची नणंद हसते. मी भाजी ‘बनवते’,
तिच्याकडे भाजी ‘करतात’.)
शेवटी परत इंग्रजी, टाइप करण्यापुरतं.
एवढी ये-जा तोंड मिटून होत नाही.
बिजागरी कुरकुरतेच.

तक्रार नाही माझी.
सातवी ‘ब’मध्ये एक रामश्री कुशवाह होती,
ओळीखाली बोट ठेवून पुटपुटत वाचायची.
मन में पढ़ो, बेटा, असं मी म्हणायचे.
रोज म्हटलं असेन.
मग ती ओढणीचं टोक दातांत धरून वाचायला लागली,
ओठ हलू नयेत म्हणून.
पान फार उशिरा उलटायची.
मला वाटलं, सुधारली.
दिवाळीनंतर आली नाही.
मी तिच्या नावावर लाल शाईने रेघ मारली,
ती रेघ या कागदाच्या दुसऱ्या बाजूला आहे.
उजेडात धरलं तर इथूनही दिसते.

सहावा प्रश्न तुम्हीच काढलात:
शिकणाऱ्याची घरची भाषा लक्षात घेऊन
एक धडा रचा. गुण वीस.
यादी बघा,
सव्वीसातल्या अकरा पट्ट्या तिथल्या आहेत.
मफलर हाताशी होता, टोक दातांत धरता आलं असतं.
पण कान झाकले गेले असते.

तर आता पाचशे अक्षरं.
मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात
कुलूपबंद असलेले नऊ टॅब्लेट, हे कापते.
फीचा हप्ता कापते.
नणंद, बटणं, धुकं.
रामश्री कापली,
पुन्हा लिहिली,
नाव तेवढं ठेवून पाहिलं,
मग नावही.
उरलं ते असं:

खोलीत मी एकटी होते. वाचत होते.

चारशे सत्तर अक्षरं अजून शिल्लक दाखवतंय.
त्यांचं काय करायचं
ते कृपया कळवावे.

आपली,
नूतन ओखदे