आतली केबिन

दहा वर्षं साठवलेल्या पैशांत
आतलीच केबिन बसत होती.
तिला खिडकी नसते.
दार्दो म्हणाला, झोपायलाच तर जायचंय आत,
पाणी काय, डेकवर फुकट.

आता डेकवर बंदी आहे.
टीव्हीवर चौदा नंबरला
जहाजाच्या नाकावरचा कॅमेरा दिसतो:
पांढरा कठडा, गुंडाळलेला दोर,
आणि पुढे आमची नदी, दूध जास्त झालेल्या चहासारखी,
जिला आम्ही कौतुकानं समुद्र म्हणतो.
सकाळी एक पक्षी कठड्यावर येऊन बसतो.
तो उडाला की त्या दिवसाचा कार्यक्रम संपला.

मोन्तेविदेओ मागच्या बाजूला आहे.
नांगरावरचं जहाज वाऱ्याकडे तोंड करतं
आणि वारा कधीचा दक्षिणेचाच.
एकाहत्तर वर्षं ज्या गावात काढली
त्याच्याकडे पाठ करून उभे आहोत, चार मैलांवर.
बंदराचे साहेब म्हणतात, कागद आलेले नाहीत.

झुल्मा, माझी धाकटी, रोज चारला
किनाऱ्याच्या रस्त्यावर येते.
फोनवर ओरडते, लाल छत्री उघडलीय, दिसतेय का?
मी दोर बघते. कठडा बघते.
दिसतेय, म्हणते. जरा उंच धर.
ती धरते. तिचा खांदा दुखतो, मला माहीत आहे.

सहाव्या दिवशी दार्दोला ताप आला.
दोघं आले, चेहरे नसलेले,
अंगावरच्या कपड्यांना नव्या प्लास्टिकचा वास.
त्यानं चष्मा घेतला, चार्जर विसरला.
तिसऱ्या डेकवर, एवढंच सांगितलं त्यांनी,
जशी काही जिन्याखालची खोली.
जाताना तो माझ्याकडे न बघता
टीव्हीकडे बघून म्हणाला,
पक्षी आला तर सांग.

आमच्याकडे येर्बाचा कडू चहा
एकाच तुंब्यातून पितात, एकाच धातूच्या नळीनं,
या तोंडातून त्या तोंडात,
शेजारी, पाहुणा, मीटर वाचायला आलेला माणूस.
शेहेचाळीस वर्षं मी आणि दार्दो
एकमेकांचं उष्टं प्यालो.
डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, ती नळी फेकून द्या.
मी हो म्हणाले,
जसं झुल्माला म्हणते.

आणि रीत अशी की
पाजणाऱ्याचे आभार मानायचे नाहीत.
आभार म्हणजे पुरे. आभार म्हणजे
आता मला नको, तुंबा पुढे जाऊ दे.

आर्नेल दाराशी ताट ठेवून तीनदा टकटक करतो.
दार्दो गेला तरी ताटात दोन बन,
दोन दही, दोन कप.
यादी कुणी दुरुस्त केली नव्हती.
दुसरा बन मी रुमालात ठेवत गेले,
त्याच्या उशीवर चार जमले, विटेसारखे कडक.
एखाद्या कारकुनाच्या चुकीवर
माणूस इतका जगू शकतो!

आज अकराव्या दिवशी
ताटात एक कप होता.

मी तिथेच जमिनीवर बसले.
खाटीकखान्यात चाळीस वर्षं वजनं लिहिली मी,
आकड्याच्या पोटात काय असतं मला कळतं.
एक म्हणजे यादी दुरुस्त झाली असेल,
किंवा त्याचं ताट तिकडे जात असेल.
किंवा.

दार उघडलं तेव्हा आर्नेल
कॉरिडॉरच्या टोकाला ढकलगाडीपाशी,
मास्कच्या वर दोन न झोपलेले डोळे.
त्यानं हात वर केला.
हातमोज्यातली बोटं नुसती बोटं होती,
त्यांतून काही कळेना.
इतक्या दिवसांत मी त्याला एकदाही आभार म्हटलं नव्हतं,
माजोरी म्हातारी वाटत असेन.
शब्द ओठांपर्यंत आला, गिळला.
"उद्या दोन आण," ओरडले मी, "दोन!"

रात्री वारा फिरला.
साखळी कुठेतरी खाली कण्हली
आणि चौदा नंबरवर कठडा हळूहळू सरकायला लागला,
काळोख, काळोख,
मग टेकडीवरचे दिवे, मग सगळा किनारा,
आमच्या गल्लीचाही एखादा असेल त्यात.
झुल्माला फोन करायला हात गेला,
मागे घेतला.
तिच्या हिशेबी मला हे
पहिल्या दिवसापासून दिसतंय.