सत्तावीस नंबरचा पुठ्ठा

मोराच्या चादरीला चारशे बारा पुठ्ठे लागायचे.
पुठ्ठा उजेडात धरला की कळायचं
कुठं पिसारा उघडतोय, कुठं चोच.
एकदा उंदरानं सत्तावीस नंबर कुरतडला,
आठवडाभर मोर लंगडा विणला गेला.
मग मीच नवा पुठ्ठा घेऊन भोकं पाडली,
डोळा जरा मोठा ठेवला.
कुणाला विचारलं नाही.

आता मागावर डबी आहे.
मोर पेनड्राइव्हमधनं येतो.
डोळा चुकलाय, मला लांबनं दिसतंय,
पण डबीला पासवर्ड,
आणि पासवर्ड सुरतेत.
इंजिनिअर पोरगं म्हणालं,
"अण्णा, आत बघून तुम्हाला काय करायचंय?"

डबीच्या वर कॅमेरा.
तंबाखू किती वेळा मळली,
वल्लाळच्या अंबादासशी काय बोललो
(युनियनचं नव्हतं, जावयाचं होतं)
सगळं शेठच्या फोनवर, साखर पेठेत.
त्याला कुणी विचारत नाही,
आत बघून काय करायचंय.

कुरतडलेला सत्तावीस नंबर
अजून घरी आहे.
बायको त्यावर भाताचं पातेलं उतरवते.
काल पातेलं उचललं,
पुठ्ठा गरम होता.
बोट फिरवत गेलो:
वर, वर, खाली,
वर.