उतार

न्हाणीच्या भिंतीची ओल आरशापर्यंत चढली,
स्विचबोर्डाने बोटाला मुंगी चावल्यासारखं केलं,
तेव्हा कुठे मी शरणप्पाला फोन लावला.

तो आला. चपला बाहेर काढल्या,
खिशातून पाच रुपयांचं जुनं जाड नाणं काढलं
आणि उकिडवा होऊन फरशी फरशी वाजवत निघाला,
कलिंगड घेताना वाजवतात तशी.
भरीव. भरीव. पोकळ.
"शहाबादी," म्हणाला, "आमच्याकडचा दगड.
माझ्या आधी आलाय पुण्यात."

सहकारनगरातलं हे घर पासष्ट सालचं.
पानशेतच्या पाण्यात शनिवारातली खोली गेली
तेव्हा भाऊंनी उसनेपासने करून हा तुकडा घेतला,
टेकडीच्या बाजूला, नदीपासून लांब.
टाकीची पातळी फूटपट्टीने मोजणारा माणूस.
नळाचे वॉशरसुद्धा घरीच कापायचे,
स्कूटरच्या जुन्या ट्यूबमधून.

आणि रोज, सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या
की गोणपाट घेऊन न्हाणी पुसायचे.
उंबऱ्याशी साचलेलं पाणी टिपायचं,
बादलीत पिळायचं, बादली कोपऱ्यातल्या मोरीत रिकामी करायची.
आई म्हणायची, सोवळं.
आम्ही बहिणी म्हणायचो, पुराची भीती.
शेजारच्या बेलसरेबाई नवऱ्याला त्यांचा दाखला द्यायच्या.
तापात पुसली. ताईच्या लग्नाच्या सकाळी पुसली.
शेवटच्या वर्षी वाकता येईना
तर गोणपाट पायाच्या अंगठ्यात धरून.
ते गेल्यावर मी वायपर आणला.
वायपर पाणी ढकलतो, पीत नाही.

शरणप्पाने पारदर्शक नळीत पाणी भरलं,
एक टोक माझ्या हातात दिलं. "हलू नका."
दाराशी मी, मोरीशी तो,
दोघांच्या मधे पाणी डुलत डुलत
एकदाचं गप्प झालं.
त्याने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, टेप लावला.
तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.
"उतार उलटा आहे बाई. सव्वा इंच.
मोरीकडनं दाराकडं."

"कुणी घातली ही?"
"होता कुणी मिस्त्री," मी म्हटलं.
त्याने पहार घालून कडेची फरशी उचलली.
खालच्या सिमेंटात चार बोटं उमटलेली.
"मिस्त्री बोटांनी माल दाबत नाही," म्हणाला.
"हे घरच्या माणसाचं काम आहे."
आणि पुढे काही विचारलं नाही.

पहिल्याच बादलीला कळलं असणार त्यांना.
तेव्हा मजुरीला पैसे नव्हते,
मग आले तर आमच्या फिया होत्या.
की सांगवलंच नाही,
ज्याचं घर पाण्याने नेलं
त्याने स्वतःच्या हाताने
पाण्याला घरात यायची वाट करून दिली, हे?

ताईचा फोन आला. तिला खर्च सांगितला,
उताराचं नाही सांगितलं.
"अजून किती ओतणार त्या घरात?" म्हणाली.
मी म्हटलं, बघू.

सव्वीस हजारांचे एकतीस झाले.
आठ दिवस शेजारी आंघोळ, बेलसऱ्यांच्या सुनेकडे.
राडारोडा टेम्पोत चढला
तेव्हा बोटांचा तुकडा मी मागून घेतला.
कढीलिंबाची कुंडी डुगडुगायची,
तिच्याखाली बसवलाय.

शेवटी शरणप्पाने दाराशी तांब्याभर पाणी ओतलं.
पाणी थबकलं. जुन्या सवयीने
क्षणभर उंबऱ्याकडे झुकल्यासारखं मला वाटलं.
मग निघालं, आणि गेलं जाळीत.
एका सांध्यात रुपयाएवढं राहिलं.

"थोडं राहतंच," तो म्हणाला, जरा ओशाळून.
"राहू दे," मी म्हटलं,
"आमच्याकडे पुसायची सवय आहे."