पाऊण बिस्किट

सहा गुरुवार तो बोललाच नाही.
जॅकेटची चेन वर, खाली, वर.
गोव्हनच्या लायब्ररीत हीटर खोकत होता
आणि मी, ग्लासगोत एकतीस वर्षं बस चालवलेली बाई,
अपूर्णांक शिकवत होते,
जे मलाच धड येत नव्हते.

संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना होता : प्रगती.
मी लिहिलं : आज त्यानं माझं बिस्किट खाल्लं.

सातव्या गुरुवारी गुडघा सुजला. गेले नाही.
आठव्याला लॅकलन दारातच उभा,
नजर माझ्या बुटांवर.
"बस चुकलेली माणसं दिसायची का तुला?"

आरशात दिसायची, म्हटलं.
पिशव्या सांभाळत, हात हलवत धावणारी.

"मग थांबायचीस?"

खोटं बोलता आलं असतं.
कधी थांबायचे, म्हटलं.
कधी उशीर झालेला असायचा.

बराच वेळ चेन हलली नाही.
मग खुर्ची ओढून बसला,
बिस्किटाचे चार तुकडे केले,
सारखे नव्हतेच ते,
आणि पाऊण म्हणजे किती
ते मला खाऊन दाखवलं.

उरलेला पाव
बोटानं सरकवला माझ्यापुढे,
खिडकीबाहेर बघत.