सामासिक अंतर

नकाशा खिडकीच्या उजेडात धरून
नगररचनेतले खिल्लारे साहेब म्हणाले,
'त्रुटी निघायलीय, मॅडम. सामासिक अंतर बसंना.'

सव्वीस वर्षं सातवीच्या वर्गाला समास शिकवला मी,
पूर्णेला, मानवतला, आता परभणीत.
दोन शब्द जवळ येतात, मधला 'आणि' गळून पडतो :
मीठभाकर. भाऊबहीण.
अंतराचा धडा पुस्तकात नव्हता.

'म्हणजे तुमची भिंत ते हद्द,'
जिना उतरताना अझहर ड्राफ्ट्समननं समजावलं,
'दीड मीटर नुसती हवा ठेवायची.
तिथं जिना नाही, टाकी नाही, काहीच नाही.'

तशी पहिली त्रुटी नावाची होती.
सातबाऱ्यावर दैवशाला किशनराव,
आधारवर दैवशाला उद्धव.
पाचशेच्या स्टॅम्पावर लिहून दिलं :
वरील दोन्ही स्त्रिया एकच असून ती मीच आहे.
कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं मान वर केली, 'नक्की ना?'
तो हसला.
मला जरा वेळ लागला.

मग विकास शुल्काचं चलन.
मग पाणी मुरवायचा खड्डा नकाशात दाखवा,
आठ दिवसांआड नळ येणाऱ्या गावात.
मग साहेब ट्रेनिंगला.
मग साहेबांनी पेनाला टोपण लावलं :
'सहधारकाची ना-हरकत लागंल.'

सहधारक म्हणजे मुंजाजी.
प्लॉट एक, सातबारा एक,
अर्ध्यावर त्याचं घर, अर्ध्यावर माझी बाभळीची झुडपं.

दादा गेल्यावर पंधराव्या दिवशी
माझ्यापुढं जो कागद ठेवला होता
त्याचं नाव हक्कसोड.
वहिनीनं साडीसुद्धा आणून ठेवली होती, मोरपंखी.
मी सही केली नाही.
साडी तिथंच राहिली, खुर्चीच्या पाठीवर.
नंतरची सात वर्षं भाऊबीजेला
मी चंद्राला ओवाळलं,
भाऊ असून.

वसमत रोडला त्याचं बॅटऱ्यांचं दुकान.
मी काउंटरवर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर त्यानं हाताला येतील ते
नटबोल्ट ठेवले.
बराच वेळ वाचला.
'न्हाणी माझ्याकडून काहून घेतलीस?'
मी गप्प.
'काळी माती हाय तिथं. मुरूम लागंस्तोवर खाली जा.
आमच्या देवघराला भेग पडलीय. दिसली नसंल तुला.'
नव्हती दिसली.
त्या घरावरून रिक्षा जायची तेव्हा
मी पर्समध्ये काहीतरी शोधत असायची.

त्यानं सही केली.
सहीच्या वर, जागा होती म्हणून,
स्वतःच्या अक्षरात लिहिलं : माझी काही हारकत नाही.
'ह'ला काना.
माझ्या पर्समध्ये लाल पेन होता.
चहा त्यानं विचारला नाही.
मी तरी कुठं लगेच उठले.

परवानगी आली एकवीस अटींसकट.
अट नऊ : जोत्यापर्यंत काम झाल्यावर कळवावे,
तपासणीशिवाय पुढे बांधू नये.
भोगवटा अजून लांब आहे;
शब्दच असा की घाई करू वाटत नाही.

गवंड्यानं फक्की टाकली, पाया सात फूट गेला,
मुरूम लागला तेव्हा मजूर वरडला, 'आलं बाई!'
काल जोता झाला.
उद्या अकराला खिल्लारे साहेब टेप घेऊन येणार.

आणि आज सकाळी बघते तर
माझ्या पिलरच्या उघड्या गजापासून
त्यांच्या खिडकीपर्यंत दोरी बांधलेली,
त्या दीड मीटरात,
जिथं नुसती हवा ठेवायची,
वहिनीची धुतलेली साडी.
मोरपंखीच असावी. रंग पार उडालाय.

नियमानं काढायला सांगावी लागेल.
वाळू तरी दे म्हटलं.