डावी बाजू

निवृत्तीच्या आदल्या शुक्रवारी
डॉक्टर हिल्का रिस्सानेन यांनी तळातला खण ओढला.
तो अडकला. नेहमीच अडकायचा. गुडघ्याने रेटला
तेव्हा निघाला, आणि आतून घड्याळं.
कागदावरची, पेन्सिलीने काढलेली.
एकतीस वर्षांत ज्यांच्या डोक्यात गुठळी अडकली
किंवा डोक्यावर झाड, बर्फ, बायकोचा भाऊ कोसळला,
त्या प्रत्येकाला त्या सांगायच्या :
घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं.

मी त्यांचे आकडे सांभाळायचो.
कुओपिओत, तिसऱ्या मजल्यावर, जिथे डिसेंबरात
तीनलाच अंधारतं
आणि खाली सरोवर गोठताना रात्रभर कण्हतं,
आम्ही एका औषधामागे सोळा वर्षं होतो.
उंदरांवर ते चाललं. काय चाललं!
मेलेला मेंदू पांढरा दिसतो, जिवंत गुलाबी,
आणि काचेवर कापामागून काप
गुलाबी.
त्या दिवशी डॉक्टरांनी केक आणला
आणि एक तुकडा पिंजऱ्यांपाशी नेऊन ठेवला.

माणसांवर नाही चाललं.
नऊशे बारा माणसं. औषध आणि मिठाचं पाणी
एकाच मापाचे निघाले.
तो आकडा मीच दाखवला. त्यांनी चष्मा पुसला,
पुन्हा पाहिला. "बेरीज तपासलीस?"
तपासली होती. तीनदा.

पण एक जण हिशेबात नव्हताच.
क्रमांक एकशे सतरा. तौनो पूरुनेन, लाकूडतोड्या,
उजव्या कानशिलावर बर्च कोसळलेला.
त्याच्या घड्याळात बाराच्या बारा आकडे
उजव्या अर्ध्यात, एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे.
डावीकडे कोरा कागद.
डोळे धड होते. तरी डावं सगळं डावललेलं :
ताटातला डावा बटाटा, कोटाची डावी बाही,
डाव्या गालावरची दाढी.
दोन भेटी झाल्या, मग आलाच नाही.
अशांसाठी आमच्या तक्त्यात रकाना असतो :
'संपर्क तुटला'.

"कोणाकडून?" त्या म्हणाल्या,
आणि गाडीची किल्ली उचलली.

बहात्तर किलोमीटर. मे महिना, बर्फ नुकतं सुटलेलं.
तौनो होडीत होता,
एक वल्हं मारत, एक विसरत,
आणि होडी आपली गोल गोल.
काठावरून बघवेना.
मग दिसली लेम्पी, त्याची बायको, त्याच्या डावीकडे बसलेली.
थोड्या थोड्या वेळाने ती बोटाच्या पेराने
होडीच्या लाकडावर वाजवायची. टक.
तौनो मान वळवायचा : अरे, इकडेही पाणी!
चार हात मारायचा. होडी सरळ.
मग विसरायचा. टक.

"चोवीस वर्षं मी याच्या उजवीकडे निजले,"
कॉफी ओतता ओतता लेम्पी म्हणाली.
"हॉस्पिटलातून आणला त्या रात्री बाजू बदलली.
मी तिकडे नसले तर तिकडे काहीच नाही."

डॉक्टरांनी त्याच टेबलावर कागद ठेवला. घड्याळ काढा.
आकडे पुन्हा उजवीकडेच दाटले.
लेम्पीने टेबल वाजवलं,
आणि तौनोने बऱ्याच वेळाने,
जणू परक्याच्या अंगणात पाऊल टाकावं तसा,
डावीकडे एक नऊ काढला.
बटाट्याएवढा. कलंडलेला. एकटा.

नियमाने गुण : दहापैकी तीन.
पूर्वीही तीनच होते.
टकटकीला रकाना नव्हता. डॉक्टरांनी ती समासात लिहिली,
मासिकाने समास छापला नाही;
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, असं कळवलं.
"खरं आहे," त्या म्हणाल्या. चिडल्या नाहीत.
नंतरची अकरा वर्षं मात्र
त्या नातेवाइकांना एकच प्रश्न विचारत राहिल्या,
अर्जात नसलेला :
तुम्ही कुठल्या बाजूला बसता?

शुक्रवारी त्यांनी खणातून तेवढं एक घड्याळ घेतलं.
बाकीची खोक्यात, माझ्या नावाने.
दिवा मी मालवला.
जिना उतरताना त्या माझ्या उजवीकडे होत्या,
पिशवीचं ओझं या हातातून त्या हातात घेत.
खालच्या दारापाशी मी उगाचच
एकदा डावीकडे बघून घेतलं.